'आहे', 'असतं' आणि आयरिश वर्तमानकाळ

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात कुणी आयरिश भाषेत 'ता शे फुअर' म्हणालं, तर अर्थ होतो 'आत्ता थंडी आहे'. 'बीअन शे फुअर' म्हणालं, तर 'इथे थंडी असते'. मराठी माणूस म्हणेल, मग यात शिकायचं काय? आयर्लंडच्या शाळकरी मुलांना मात्र हा फरक घोकावा लागतो. बहुतेकांच्या घरी इंग्रजी बोलतात आणि तिथे दोन्ही वाक्यांत एकच 'इज' वापरलं जातं.

आयरिश ही तिथली पहिली राजभाषा, आणि शाळेत ती सगळ्यांना शिकावी लागते. 2022च्या जनगणनेत जवळपास 18.7 लाख लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं सांगितलं. शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे मात्र 71,968 निघाले. एवढी वर्षं शिकून भाषा जिभेवर का बसत नाही, याची कारणं पुष्कळ आहेत. पण क्रियापदाचा दोष त्यात फारसा नसावा, असं माझं मत आहे. (इथले आयरिश उच्चार देवनागरीत जमतील तितपतच लिहिले आहेत.)

'ओल' म्हणजे पिणे. 'ओलिम' म्हणजे मी पितो, 'ओलिमिद' म्हणजे आम्ही पितो. हे दोन प्रत्यय कर्त्याला पोटात घेऊनच येतात, त्यामुळे पुढे 'मे' म्हणजे 'मी' लावला तर चूक ठरते. बाकी सगळ्यांसाठी एकच रूप, 'ओलन': ओलन तू, ओलन शे (तो), ओलन शी (ती), ओलन शिअद (ते). यातला 'तू' आपलाच आहे. आयरिश आणि मराठी एकाच प्राचीन घराण्यातल्या, त्यामुळे हा शब्द दोघींकडे वारशानेच आला. 'पितो-पिते' असा लिंगभेद क्रियापदात नाही, हा आपल्याला मिळालेला दिलासा. क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी येतं: 'ओलन शी ते', म्हणजे 'पिते ती चहा'. हो, चहाला 'ते' म्हणतात.

आयरिशमधलं जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन प्रकारचं असतं, रुंद आणि अरुंद, म्हणजे 'य'ची छटा असलेलं. रुंद 'स' अरुंद झाला की 'श' होतो. 'मासा'चं 'माशाला' करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. मूळ धातूचा शेवट रुंद की अरुंद, त्यावर प्रत्ययाचं स्पेलिंग ठरतं. दोन अक्षरी धातूंचा गट वेगळा, त्यांना दीर्घ 'ई' लागतो. 'ओस्किल' म्हणजे उघड. त्याचं 'ओस्क्लीम' होतं, मधला स्वर गळतो. आपण लिहितो 'उघडू' आणि बोलतो 'उघ्डू', तसंच काहीसं. अनियमित क्रियापदं अवघी 11, आणि वर्तमानकाळात त्यातलीही बरीचशी सरळ चालतात.

नवशिक्याला खरा धक्का शब्दाच्या सुरुवातीला बसतो. 'तिगिम' म्हणजे मला समजतं. नकार द्यायचा तर 'नी हिगिम'. प्रश्न विचारायचा तर 'अन दिगन तू?' एकाच 'त'चा कधी 'ह', कधी 'द'. लिहिताना मात्र जुना 'त' पुसत नाहीत. 'द' त्याच्या अलीकडे लिहून ठेवतात, म्हणजे मूळ शब्द डोळ्यांना दिसत राहतो. उत्तरात हो-नाहीसाठी स्वतंत्र शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं: तिगिम. 'येतोस का?' 'येतो.' आपलंही अर्धं काम असंच चालतं.

आता पुन्हा थंडीकडे. 'ओलिम ते' म्हणजे मी चहा पितो, ही सवय झाली. कप हातात असेल तर 'ता मे अग ओल ते', शब्दशः 'आहे मी पिण्यापाशी चहा'. साध्या वर्तमानकाळाचं मुख्य काम सवय सांगण्याचं आहे; दिसणं, ऐकू येणं, समजणं अशा क्रियापदांत मात्र तो आत्ताचंही सांगतो. असण्याच्या क्रियापदात ही फाळणी सगळ्यात स्वच्छ दिसते: 'ता' म्हणजे आहे, 'बीअन' म्हणजे असतो. नकारही बघण्यासारखा आहे. 'बीअन'चा 'नी वीअन', पण 'ता'चा एकदम 'नील'. आपल्याकडे 'असतो'चं 'नसतो' आणि 'आहे'चं 'नाही', तसंच. इंग्रजी स्वीकारल्यावरही आयरिश लोकांना ही फाळणी सोडवेना. 'ही डझ बी वर्किंग' असं इंग्रजी त्यांनी घडवलं. त्यावर व्याकरणाचे मास्तर नाक मुरडतात. मला विचाराल तर ती इंग्रजीला दिलेली भेटच आहे.

इथे मराठी माणसाने फुशारायचं कारण नाही. 'मी शिक्षक आहे' म्हणताना 'ता' चालत नाही, तिथे तिसरंच क्रियापद लागतं, 'इस'. आणि या तिघांची कुळं पाहिली तर गंमत वाटते: 'इस' संस्कृतच्या 'अस्ति'चा भाऊबंद, 'बीअन' आपलं 'होणे' ज्यातून आलं त्या 'भू'च्या कुळातला, आणि 'ता' मुळात 'स्था', म्हणजे उभं राहणं.

'मी'चा 'इम' प्रत्ययही ओळखीचा वाटतो. 'बेरिम' म्हणजे मी वाहून नेतो, आणि संस्कृतात 'भरामि'. धातू खरोखर एकच आहे. प्रत्ययाची कथा मात्र वेगळी: प्राचीन आयरिशमध्ये 'बेरिम' नव्हतं, 'बिरु' होतं. 'म' काही मोजक्या क्रियापदांतून बाकीच्यांत पसरला. संस्कृतातही 'भरामि'चा 'मि' असाच मागाहून चिकटलेला. दोन्ही भाषांनी ही युक्ती स्वतंत्रपणे केली.

'ओलन'मधला 'अन' तर अगदीच उपरा. काही शतकांपूर्वी तो फक्त नकाराच्या, प्रश्नाच्या अशा शब्दांनंतर येणाऱ्या क्रियापदाला लागे. साध्या विधानाला दुसराच प्रत्यय होता. प्रश्नातलं रूप हळूहळू विधानातही घुसलं आणि जुनं रूप हटलं. आयरिशच्या समुद्रापलीकडच्या बहिणीत, स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत, ते जुनं रूप टिकलं, पण तिथे ते भविष्यकाळ सांगतं. आपल्या 'तो जाई, ती बसे'चंही असंच झालं. संतांच्या काळी तो सरळ वर्तमानकाळ होता. आज 'तो रोज देवळात जाई' म्हटलं, की गेल्या दिवसांची गोष्ट चालू आहे असं ऐकणारा समजतो.