पासथ्रू म्हणजे आरपार नव्हे

ॲपलचा व्हिजन प्रो किंवा मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट डोळ्यांवर घातला की समोरची खोली दिसते, म्हणून त्याला 'आरपार दिसणारा हेडसेट' म्हणतात, हे वाचून वाचून आता वैताग आलाय. आरपार काही दिसत नसतं हो त्यात! बाहेरचे कॅमेरे खोलीचा व्हिडिओ घेतात, आतल्या स्क्रीनवर तो दिसतो (यालाच पासथ्रू म्हणतात), आणि बॅटरी संपली की अंधार. हे बहुतेकांना माहितीये, म्हणून पुढे जाऊ.

खरे आरपारवाले म्हणजे मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २, मॅजिक लीप २ वगैरे काचेचे हेडसेट. खोलीतला उजेड काचेतून थेट डोळ्यात येतो आणि खोलीत नसलेल्या वस्तूंचं चित्र दाखवणाऱ्या छोट्याशा प्रोजेक्टरचा उजेड वेव्हगाइडमधून (म्हणजे उजेड डोळ्यापर्यंत नेणाऱ्या पातळ काचेतून) येऊन त्यात मिसळतो. कल्पना जुनीच आहे, संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये अर्धपारदर्शक आरसे वापरून हेच केलं होतं.

आता जिथे सगळे अडखळतात ते. मिसळतो म्हणजे फक्त भर पडते. काच उजेड वाढवू शकते, खोलीतून आलेला उजेड पुसू शकत नाही. त्यामुळे काळा रंग दाखवताच येत नाही, कारण काळा म्हणजे उजेड नाही, आणि उजेड नाही म्हणजे मागची भिंत जशीच्या तशी दिसणार. टेबलावर काळी मांजर बसवायला गेलात तर मांजर गायब आणि नुसते दोन हिरवे डोळे हवेत. काळी अक्षरंही गेली. सावलीसुद्धा पाडता येत नाही, म्हणून डेव्हलपर लोक सावलीच्या आजूबाजूला थोडा उजेड टाकतात, मग मधला भाग त्यामानाने गडद वाटतो. आणि उन्हात गेलात की सगळंच फिकं. पासथ्रूमध्ये हा प्रश्नच नाही, तिथे खोलीचा पिक्सेल काढून मांजरीचा पिक्सेल ठेवायचा, झालं.

गैरसमज पसरतो तो व्हिडिओंमुळे. होलोलेन्सवर रेकॉर्डिंग केलं की सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या व्हिडिओवर होलोग्राम (म्हणजे हेडसेटने दाखवलेल्या वस्तू) चिकटवतं, म्हणजे काचेच्या हेडसेटचं रेकॉर्डिंग पासथ्रूच्या पद्धतीने बनतं आणि प्रत्यक्षापेक्षा कितीतरी ठोस दिसतं. असे व्हिडिओ टाकताना 'डोळ्याला असं दिसत नाही' एवढी एक ओळ तरी लिहा ना!

मॅजिक लीप २ मध्ये काचेचा हवा तेवढा भाग काळसर करायची सोय आहे, पण तो थर डोळ्याच्या इतका जवळ असतो की त्यावर फोकस होत नाही आणि कडा धूसर राहतात. मदत होते, पण काळी मांजर त्यानेही होत नाही.

उशीर दोन्हीकडे असतो, फक्त जागा वेगळी. पासथ्रूत सगळं जगच किंचित उशिरा येतं (ॲपल १२ मिलिसेकंद सांगते), पण होलोग्रामची वस्तू खोलीच्या चित्राशी जुळवून बसवता येते. काचेत जग लगेच दिसतं, मान वळवली की वस्तू मात्र जरा मागे राहून डुलते. वजन आणि व्ह्यूची रुंदी मॉडेलप्रमाणे बदलते, त्यावरून प्रकार ठरवू नका.

मला विचाराल तर चालू मशीनपाशी काम असेल तर काचच हवी, सॉफ्टवेअर अडकलं तरी आपले हात आपल्याला दिसतात. पण घरात गडद सोफा कसा दिसेल ते बघायचं असेल तर पासथ्रूच घ्या, काचेतून तो सोफा गडद दिसणारच नाही.