तेंदूपान: ठेकेदाराच्या फळीपासून ग्रामसभेच्या लिलावापर्यंत

धान निघाले, मोहफूल वेचून झाले की गडचिरोलीच्या डोंगरपट्ट्यात रोख पैसा येतो तो तेंदूपानातून, म्हणजे बिडी वळायच्या पानातून. हंगाम दोनेक आठवड्यांचा, पण घरचे सगळे हात त्यात लागतात.

1969 च्या राज्य कायद्याने या व्यापारावर सरकारचा एकाधिकार आला. जंगलाचे युनिट पाडून लिलाव वनखाते करी, ठेकेदार फळीवर, म्हणजे पाने जमा करून वाळवायच्या जागेवर, पानांचे पुडके मोजून घेई आणि तोडणाऱ्याला मिळे मजुरी. 1996 च्या पेसा कायद्यात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची मालकी ग्रामसभेला मिळाली खरी, पण राज्याच्या 1997 च्या कायद्यात तेंदू आणि बांबू वगळले. म्हणजे ज्यात पैसा होता तेच! 2006 च्या वनहक्क कायद्याने दोन्ही नावानिशी गौण वनोपजात घातले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडले. पुढे बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतः करू लागल्या.

लिलाव हाती आला तसा पानाच्या प्रतीचा भारही गावावर आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटायची, ती खुटकटाई. साधारण 45 दिवसांत मऊ, मोठे पान येते. हे टाळून जंगलाला आग लावली तरी फुटवा येतो, पण मोह-चारोळीची रोपे जळतात. ही बचत नव्हे.

पुडक्यात पाने 70. फळीवर पुडके ओळीने मांडून उलटत वाळवतात. साधारण आठवड्याने संध्याकाळी हलके पाणी शिंपडून पान नरम झाले की पोते भरतात. पाणी कमी पडले तर पानाचा चुरा होतो, जास्त झाले तर बुरशी धरते. अवकाळी पाऊस आला तर पान काळे पडते आणि ठेकेदार भाव पाडतो. मोजताना शेकड्यामागे वरून जास्तीचे पुडके मागायची जुनी खोड आहे. त्यासाठी मोजणीला गावचा माणूस हवाच.

खरी फसगत करारात होते. जुलै 2017 मध्ये तेंदूवर 18 टक्के जीएसटी लागला; सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. तो कोणी भरायचा हे लिहिले नाही, तर रॉयल्टीतून, म्हणजे पानासाठी ग्रामसभेला मिळणाऱ्या रकमेतून, कापला जाण्याचा धोका असतो. मजुरी आणि रॉयल्टी वेगळी लिहावी, अनामत आधी घ्यावी आणि रक्कम खात्यात पडेपर्यंत गोदामाची किल्ली ग्रामसभेकडेच ठेवावी. माल गाडीत चढला की उधारी वसूल करणे कठीण.