समुद्र गिळणारं बेट

पाणी शेवटी समुद्राला जाऊन मिळतं, असं शाळेत शिकतो. ग्रीसच्या केफालोनिया बेटावर मात्र समुद्रच जमिनीत शिरतो. आर्गोस्टोली गावाजवळच्या किनाऱ्यावर चुनखडीच्या खडकाला भेगा आहेत. समुद्राचं पाणी खळाळत त्यांत जातं आणि तिथून परत येत नाही. ओढ इतकी, की 19व्या शतकात तिच्यावर पाणचक्क्या चालत.

जातं कुठे? 1963 मध्ये ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकांनी या भेगांत युरानिन हे चमकदार हिरवं रंगद्रव्य सोडलं, तब्बल 160 किलो. साधारण दोन आठवड्यांनी रंग सापडला तो बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला, सामीजवळ, मेलिसानी गुहेतल्या तळ्यात आणि काराव्होमिलोसच्या झऱ्यात. सरळ रेषेत अंतर सुमारे 15 किलोमीटर.

खरी गंमत पुढे आहे. मेलिसानीतलं पाणी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे मीटरभर उंच आहे. पंप नाही, मग पाणी चढतं कसं? उत्तर घनतेत आहे. समुद्राचं एक घनमीटर पाणी साधारण 1025 किलो भरतं, गोडं पाणी 1000. जड खारं पाणी भुयारांतून खोल उतरतं. तिथे आयनोस डोंगरावरून (1628 मीटर) झिरपलेलं पावसाचं पाणी त्यात मिसळतं आणि मिश्रण हलकं होतं. इंग्रजी यू आकाराची नळी डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला 100 मीटर खोल समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला एक टक्का हलकं मचूळ पाणी. दोन्हींचा दाब सारखा व्हायला हलक्या पाण्याचा स्तंभ 101 मीटर लागतो. तो जादा मीटर म्हणजेच मेलिसानीची उंची. भुयार उथळ असतं, तर हा फरक जेमतेम काही सेंटिमीटर भरला असता. एवढ्या खोलवर भुयारं कशी कोरली गेली? हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता, तेव्हा पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने तिथली चुनखडी विरघळवली. कोकणातला बेसॉल्ट असा विरघळत नाही, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर हे शोधायला जाऊ नये.

ऑगस्ट 1953 च्या भूकंपात जमीन वर उचलली गेली आणि भेगांकडची ओढ मंदावली. चक्कीचा जुना जोर आता दिसत नाही.

मेलिसानीला जायचं तर उन्हाळ्यात, भर दुपारी. गुहेचं छत कोसळून पडलेल्या भोकातून तेव्हाच ऊन थेट पाण्यात उतरतं आणि तळं निळंशार होतं. सकाळी लवकर गेलात तर नुसतं गडद पाणी दिसेल. या तळ्याशी अप्सरेची कथा जोडलेली आहे. कथा म्हणून ती सुंदर आहे, पण पाण्यात गूढ काही नाही: पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग शोषतं, निळा मागे उरतो. तळ्याला तळही आहे, 20 ते 30 मीटरवर.