पट्टीचं वजन कुठे जातं?

प्रयोगशाळेतली लाकडी मीटरपट्टी टेकूच्या धारेवर ठेवली की ती बरोबर 50 च्या खुणेवर आडवी राहील असं वाटतं. तशी ती क्वचितच राहते. कधी 49.7 वर तोल साधतो, कधी 50.4 वर. एक टोक झिजलेलं असतं, दुसऱ्या टोकाच्या लाकडात गाठ असते. मी शाळेत असताना हा आकडा वहीत लिहिलाच नाही, सरळ 50 धरून चाललो. मग डावीकडचा आणि उजवीकडचा गुणाकार काही केल्या जुळेना. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, म्हणजेच परिबल किंवा टॉर्क, दोन्हीकडे सारखं यायला हवं होतं. माझ्या हिशेबात पट्टीला स्वतःचं वजनच नव्हतं.

बाजाराला ही अडचण फार आधीपासून ठाऊक होती. पारडी रिकामी असताना दांडी एकीकडे कलत असेल, तर हलक्या बाजूला खडा नाहीतर चिंधी बांधून ती सरळ करायची. तो पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे वाक्य आपण सहज बोलतो, त्यातला पासंग तो हाच. अर्थशास्त्रात कौटिल्याने 72 अंगुळे लांबीची समवृत्ता नावाची तुला सांगितली आहे. तिच्यावर 5 पलांचं (पल हे जुनं वजनाचं माप) मंडल, म्हणजे गोल वजन, अडकवायचं, ती जिथे सरळ राहते तिथे आधी समकरणाची खूण करायची, आणि वजनाच्या बाकीच्या खुणा त्यानंतर. म्हणजे दांडीचा हिशेब पहिला, मालाचा मागून.

फसवणूक करणाऱ्यांनाही हे पक्कं माहीत होतं. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, पण बहुधा त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्या कुणी लिहिलेल्या एका ग्रीक ग्रंथात जांभळा रंग विकणाऱ्यांच्या युक्त्या दिल्या आहेत: दोरी मधोमध न बांधता थोडी सरकवायची, दांडीच्या एका भागात शिसं ओतायचं, किंवा एका बाजूला झाडाच्या मुळाजवळचं जड, गाठीचं लाकूड येईल अशी दांडी करायची. मीटरपट्टीतली ती गाठ आणि ही गाठ एकच काम करतात.

तरफेच्या नियमाला भूमितीची शिस्त लावली ती सिराक्यूजच्या आर्किमिडीजने, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात. सारख्या अंतरावरची सारखी वजनं तोल राखतात एवढ्यापासून सुरुवात करून तो वजनं आणि अंतरं व्यस्त प्रमाणात असली पाहिजेत इथवर पोहोचतो. (ज्या गोष्टीची सिद्धता द्यायची तीच या मांडणीत आधी गुपचूप गृहीत धरली आहे, अशी टीका भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने 1883 मध्ये केली. तो वाद मला आजही महत्त्वाचा वाटतो.) मात्र आर्किमिडीजची दांडी ही नुसती रेघ आहे. तिला वजन नाही.

जड दांडीचा प्रश्न थेट हाताळला तो नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या गणितज्ञ साबित इब्न कुर्राने. एकसारख्या जाडीच्या दांडीच्या तुकड्याचं वजन त्या तुकड्याच्या मध्यबिंदूवर टांगलं आहे असं मानलं तरी तोल तोच राहतो, हे त्याने दाखवलं. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर केलं आणि ही युक्ती युरोपात पोहोचली. शाळेतला माझा घोटाळा याच एका वाक्याने सुटला असता.

करून पाहा. पट्टी 120 ग्रॅमची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येतं तो बिंदू, 50 वर आहे असं धरू. टेकू मुद्दाम 35 वर ठेवा. पट्टीचं वजन उजवीकडे 15 सेंटिमीटरवर, म्हणून परिबल 1800. डावीकडे 200 ग्रॅमचं वजन 26 च्या खुणेवर, म्हणजे टेकूपासून 9 सेंटिमीटरवर लावा. तेही 1800. पट्टी आडवी राहते. उलट बाजूने गेलं तर काट्यावर न ठेवताच पट्टीचं वजन काढता येतं.

नियमाचं आजचं रूप यायला मात्र फार वेळ लागला. जोर तिरका असेल तर अंतर लंबरूपच मोजायचं, हे हळूहळू स्थिरावलं. समान, समांतर पण उलट दिशेच्या दोन बलांची जोडी पदार्थ नुसता फिरवते, ढकलत नाही, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ ल्वी प्वँसोने 1803 मध्ये मांडली. तिच्यामुळे स्थिर संतुलनाच्या दोन अटी स्वच्छ वेगळ्या झाल्या: एकूण बल शून्य, आणि एकूण परिबलही शून्य. ‘टॉर्क’ हा शब्द तर 1884 चा, अभियंता जेम्स थॉमसन यांनी सुचवलेला. त्याचं मूळ पिळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे.

प्रयोगात पहिली अट दिसतच नाही, कारण टेकूचा वर ढकलणारा जोर टेकूतूनच जातो आणि त्याचं परिबल शून्य येतं. तो पाहायचा असेल तर परिबलं टेकूऐवजी पट्टीच्या शून्य टोकापासून मोजा. 200 गुणिले 26 म्हणजे 5200, 120 गुणिले 50 म्हणजे 6000, मिळून 11200. टेकू 35 वर आहे. भागाकार 320 येतो: 200 ग्रॅमचं वजन आणि 120 ग्रॅमची पट्टी, दोन्ही त्या धारेने तोललेली.