अश्वगंधेच्या आधी सर्पगंधा

मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात एक बाई अश्वगंधेची पुडी बांधून घेत होत्या. दुकानदाराने मुळी मोडून त्यांच्या नाकाशी धरली. घोड्याच्या अंगासारखा उग्र वास आला की माल अस्सल, असं मानतात. पैसे देताना त्यांनी हळूच विचारलं, "लेकीच्या डोक्याच्या गोळ्या बंद करून हे चालू केलं तर चालतंय का?" "डॉक्टरला विचारल्याशिवाय नगा करू, मावशी," तो म्हणाला.

नैराश्याच्या गोळ्यांऐवजी झाडपाला चालेल का, हा प्रश्न सोलापुरात मी अनेकदा ऐकलाय; बालपणीच्या आघातातून आलेल्या नैराश्याबाबत संशोधकही तेच विचारतात. त्याचा इतिहास आपल्याच एका झाडापाशी सुरू होतो, तोही उलट्या बाजूने: झाडपाल्यानेच नैराश्य येतं की काय, या शंकेतून. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उपयोग रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवर होतो असं लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष वेधलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरला, पण काही रुग्ण खचून गेल्याच्या नोंदी येऊ लागल्या. रेसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचा साठा रिता होतो हे कळलं, आणि नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता असा विचार रुजला. पुढे त्या नोंदींवर वाद झाले, विचारही अपुरा ठरला. तरी झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज तिथेच मोडायला हवा होता.

नैराश्याशी बालपणाचा धागा जुळला तो वेगळ्याच ठिकाणाहून. 1957 मध्ये सीमोर लेव्हिन यांनी उंदरांवर दाखवलं की पिलूपणीचा अनुभव मोठेपणी ताण सोसण्याची ताकद बदलतो. माँट्रिऑलच्या मायकेल मीनी यांच्या गटाला 1997 मध्ये दिसलं की आईने भरपूर चाटलेल्या पिलांच्या शरीरात ताणाचा लगाम चांगला बसतो. 1998 मध्ये फेलिटी आणि आंडा यांनी अमेरिकेत हजारो प्रौढांना लहानपणाविषयी विचारलं. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे नैराश्याचा धोका मोठा. 2012 मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अशा रुग्णांचं नैराश्य अधिक चिवट, उपचारांना कमी दाद देणारं दिसलं. अशा रुग्णांसाठी नव्या औषधांचा, त्यात वनस्पतींचाही, शोध घेतला जातो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. कष्टाचं बालपण म्हणजे आघाताचं बालपण नव्हे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या आईच्या सुपाला टेकून झोपलेलं पोर गरीब असेल, पण आईला मुकलेलं नसतं.

प्रयोगशाळेत उंदरांच्या पिलांचं नेमकं हे आईशी असलेलं नातंच तोडतात: पिलांना पहिले दोन आठवडे रोज काही तास आईपासून दूर ठेवतात, मोठी झाल्यावर हळदीतलं कुरकुमिन वगैरे देतात. मेंदूतला दाह आणि ताणाची संप्रेरकं कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत, पण उंदरांवरचे. माणसांवर भावनगरचा 2014 चा अभ्यास आहे: 60 रुग्ण, 6 आठवडे, रोज 1000 मिलिग्रॅम कुरकुमिन. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळीच्या तुलनेत फार फरक दिसला नाही. मात्र तुलनेसाठी औषध नसलेल्या खोट्या गोळीचा गट नव्हता, बालपणाचा प्रश्नही नव्हता. आणि हळदीत कुरकुमिन साधारण 3 टक्के. म्हणजे 1000 मिलिग्रॅमसाठी तीसेक ग्रॅम हळद लागते, त्यातही आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. रात्रीच्या हळद-दुधाकडून ही अपेक्षा नको.

अश्वगंधेचे ताणावरचे छोटे अभ्यास आशादायक आहेत, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. शिवाय चालू गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर येऊ शकते, झोप उडू शकते, आजार उलटू शकतो.

मी मावशींना एवढंच म्हटलं, पुडी आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पुडी लेकीच्या फाइलशेजारी पिशवीत ठेवली. शुक्रवारी जायचंच आहे म्हणाल्या.