सोनोग्राफीचं पाणी वेगळं, रेडिएशनचं पाणी वेगळं

कॅन्सरसाठी ओटीपोटाचं रेडिएशन सुरू होणाऱ्या पेशंटला "लघवी भरलेली हवी" असं सांगितलं की तो लगेच मान डोलावतो. सोनोग्राफी बहुतेकांची कधी ना कधी झालेली असते. पाणी प्यायचं आणि तडस लागेपर्यंत थांबायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो इथेच. मी पुण्यात रेडिएशनच्या मशीनवर काम करते आणि हा घोळ सतत बघते. जावेने, शेजारणीने, कधी आधी शेक (रेडिएशनला आम्ही शेकच म्हणतो) घेऊन गेलेल्या एखाद्या पेशंटनेही "सोनोग्राफीसारखंच असतं गं" असं सांगून टाकलेलं असतं. ते तसं अजिबात नसतं. या एका गैरसमजापायी लोकांना टेबलावरून उठवावं लागतं, त्यांचा दिवस वाया जातो आणि आतड्याला नको तेवढा शेक बसण्याची शक्यता वाढते.

सोनोग्राफीचं थोडक्यात. तिच्यातल्या ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, पाण्यातून छान जातात. भरलेली लघवीची पिशवी आतडी बाजूला सारते आणि मागचं गर्भाशय किंवा प्रोस्टेट स्पष्ट दिसतं. तपासणी झाली की काम संपलं. पाणी थोडं जास्त झालं तर कळ तुम्हालाच सोसावी लागते, रिपोर्टचं फारसं बिघडत नाही.

रेडिएशनचं काम एका दिवसाचं नसतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण २५ ते २८ शेक देतात, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे पाच-साडेपाच आठवडे. त्याआधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो आणि कातडीवर खुणा केल्या जातात. त्या दिवशी तुमची लघवीची पिशवी जेवढी भरलेली होती आणि गुदाशय जेवढं रिकामं होतं, त्या स्थितीवर डॉक्टर आणि फिजिसिस्ट किरणांचा सगळा आराखडा आखतात. पुढे रोज मशीन त्याच आराखड्याप्रमाणे चालतं. त्यामुळे रेडिएशनला लघवी "भरपूर" नको असते. प्लॅनिंगच्या दिवशी जेवढी होती, रोज तेवढीच हवी असते. कमी नको, तशी जास्तही नको.

जास्त का नको, हे लोकांच्या पचनी पडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. गर्भाशय मूत्राशयाला लागूनच असतं. लघवीची पिशवी फुगली की ते वर आणि मागे ढकललं जातं, रिकामी झाली की पुढे झुकतं. हा फरक काही सेंटिमीटरचा होऊ शकतो, आणि किरणं तर मिलीमीटरच्या हिशेबाने सोडलेली असतात. जिथे शेक द्यायचा ती जागाच सरकली, तर गाठीला कमी आणि शेजारच्या चांगल्या भागाला जास्त मिळतो. उलट पिशवी रिकामी राहिली तर लहान आतड्याची वेटोळी खाली उतरून किरणांच्या वाटेत येतात. पुढे जुलाब आणि मुरडा होण्यामागे आतड्याला बसलेला हा शेकच असतो. भरलेली पिशवी आतड्याला वर उचलून धरते, म्हणून ती भरायला सांगतात. तुमची सहनशक्ती बघायला नाही.

एक काका इंदापूरकडून यायचे. हडपसर आलं की गाडीतच बाटली तोंडाला लावायचे आणि टेबलावर मुठी आवळून निजायचे. शेक देण्याआधी आम्ही मशीनवरच एक स्कॅन घेतो. त्यात त्यांची पिशवी प्लॅनपेक्षा कितीतरी मोठी दिसली. "ताई, तुम्हीच म्हणालात ना भरून या?" त्यांचं म्हणणं खरंच होतं. "किती भरून" हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. एवढी कळ लागल्यावर अर्धी लघवी करून थांबणं कुणालाच जमत नाही. म्हणजे सगळं रिकामं करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी प्यायचं.

आणखी एक गोष्ट. मूत्राशयाचाच कॅन्सर असेल तर बहुतेक ठिकाणी लघवी करून, पिशवी रिकामी ठेवूनच शेक देतात. त्यामुळे शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटचं बघून पाणी पिऊ नका. तुमच्या फाइलवर लिहिलंय तेच करा.

"तेवढीच" कशी साधायची? आधी लघवीला जाऊन या, पूर्ण रिकामे व्हा. मग सांगितलेलं पाणी मोजून प्या. साधारण ३०० ते ५०० मिली सांगतात, पण आकडा तुमच्या डॉक्टरांचाच धरा. "दोन ग्लास" या मापावर माझा विश्वास नाही. घरचा स्टीलचा ग्लास आणि कँटीनचा कागदी ग्लास यांत फार फरक असतो. अर्ध्या लिटरची एकच बाटली ठेवा, खूण करा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. ती पाच-दहा मिनिटांत संपवा आणि सांगितलेला वेळ, बहुधा अर्धा ते एक तास, थांबा. पाणी घरून पिऊन निघू नका. नगर रोडला किंवा सिंहगड रोडला गाडी कधी अडकेल याचा भरवसा नाही. विभागात पोहोचा, मशीन वेळेवर चाललंय का ते विचारा, आणि आम्ही सांगितल्यावरच प्या.

तरी एखाद्या दिवशी पिशवी भरत नाही. एप्रिल-मे महिन्यात आदल्या दिवसापासून पाणी कमी पडलेलं असलं, तर ते अर्धा लिटर आधी शरीरच शोषून घेतं. म्हणून दिवसभराचं पाणी नेहमीसारखं चालू ठेवा. शेकासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या औषधाची केमो असेल, तर त्या दिवशी सलाइनच्या बाटल्या लागतात आणि पिशवी भराभर भरते. त्या दिवशी पाणी किती आणि कधी, हे पुन्हा विचारा.

पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी बोलावतात म्हणून इथेही काही जण उपाशी येतात. गरज नाही. इथे गुदाशय रिकामं हवं, जठर नाही. सकाळी शौचाला होऊन या आणि गॅस धरेल असं खाऊ नका. प्रोस्टेटच्या पेशंटनी हे जास्तच सांभाळावं, कारण गुदाशय फुगलं की प्रोस्टेट पुढे सरकतं. मात्र पोट साफ व्हावं म्हणून स्वतःच्या मनाने एरंडेल किंवा कसलंही चूर्ण घेणं मला मुळीच पटत नाही. दोन-तीन आठवड्यांत जुलाब येऊ घातलेले असतात, त्यात हे कशाला? बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टर सौम्य औषध देतात.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं आणि पूर्वीएवढं पाणी पिशवीत टिकत नाही. लोक म्हणतात उन्हाळी लागली, आणि सब्जा, धण्याचं पाणी सुरू करतात. काही जण तर जळजळीच्या भीतीने पाणीच तोडतात. असं करू नका. लघवी जितकी दाट तितकी आग जास्त. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी जायलाच हवं. चहा-कॉफी कमी करा. सोड्याची पेयं आणि दारू बंद. जंतुसंसर्गातही अशीच आग होते, म्हणून लघवी तपासून घ्या. ताप असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी कळवा.

पिशवीत टिकत नसेल तर आम्हाला सांगा. पुष्कळ जण लाजेने गुपचूप कमी पितात आणि "हो, प्यायलो" म्हणतात. स्कॅनमध्ये ते दिसतंच, पण तोवर तुम्ही टेबलावर ताटकळलेले असता. तुम्ही सांगितलंत तर डॉक्टर माप किंवा थांबण्याचा वेळ बदलू शकतात, गरज पडली तर प्लॅनच नव्याने करतात. त्यात तुमची काहीच चूक नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज आलेली असते.

जुलाब लागले की "पौष्टिक" खाण्याचा हट्ट सोडा. मोड आलेली मटकी, कच्च्या कोशिंबिरी, कोबी, राजमा, छोले हे सगळं एरवी चांगलं असलं तरी या काळात सुजलेल्या आतड्याला जड जातं. मिसळ तर नाहीच. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, भाताची पेज, केळं, शिजवून कुस्करलेला दुधी, बटाटा हे चालतं. दुधाने त्रास वाढत असेल तर काही दिवस बंद ठेवा. ताजं ताक बहुतेकांना सोसतं. ओआरएस घरात हवंच. जुलाबाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि कधी घ्यायची हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

कातडीसाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे, घासायचं नाही. हळद, तेल, टाल्कम पावडर, घरगुती लेप नको. जांघेत घाम साठतो तिथे टिपून कोरडं करा. परकराची नाडी नेमकी खुणांवर आणि लाल झालेल्या कातडीवर काचते. हे महिने सैल सुती गाऊन घाला, घरात कोण काय म्हणेल याचा विचार करू नका. डोक्यावरचे केस या शेकाने जात नाहीत, ओटीपोटाच्या भागातले जातात. बाहेरून शेक घेतल्याने अंगात किरणं राहत नाहीत, नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या.

गर्भाशयमुखाच्या पेशंटना नंतर योनीमार्गातून आतूनही शेक देतात. त्या दिवशी पाण्याचा हा नियम लागू नसतो. बहुधा लघवीची नळी घालतात आणि कधीकधी उपाशी बोलावतात. त्या वेळच्या सूचना वेगळ्या घ्या.

शेवटचा शेक झाला की मोजून पाणी प्यायचं थांबतं, पण त्रास लगेच थांबत नाही. पुढचे एक-दोन आठवडे तो उलट वाढूही शकतो, मग काही आठवड्यांत ओसरतो. बायकांना योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (आत घालायची गुळगुळीत नळी) वापरायला सांगतात, साधारणतः सूज उतरल्यावर. हे कुणी आपणहून बोललं नाही तर तुम्ही विचारा. लैंगिक संबंधांसाठी जितकं, तितकंच पुढे डॉक्टरांना आतून नीट तपासता यावं म्हणूनही ते लागतं. मूल हवं असेल तर तो विषय मात्र पहिल्या शेकाच्या आधीच काढायला हवा. ओटीपोटाच्या शेकाने अंडाशयांचं काम बहुधा थांबतं, आणि पुरुषांना वीर्य साठवायचं असेल तर तेही आधीच करावं लागतं.

आणि सहा महिन्यांनी, वर्षाने शौचातून रक्त पडलं, तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. ते शेकाच्या उशिरा होणाऱ्या परिणामांपैकीही असू शकतं, त्याचे उपचार वेगळे असतात. रेडिएशनची फाइल घेऊन आमच्याकडे या, आणि गुदाशयाची बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) किंवा काही शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर इथे शेक झालेला आहे हे त्या डॉक्टरांना आधी सांगा.