मोहिनेर घोडागुली: नाकतल्यातल्या एका घरातून निघालेला बँड

सुरुवातीला नाव होतं ‘सप्तर्षी’, कारण माणसं सात. मग झालं ‘तीरंदाज’. मधल्या काळात ‘गौतम चट्टोपाध्याय बी.एस्सी. ओ संप्रदाय’ असंही एक नाव होतं. आपल्याकडच्या ‘अमुकतमुक बी.ए. आणि पार्टी’ थाटाचं. शेवटी बँडमधल्याच रंजन घोषाल यांनी बंगाली कवी जीवनानंद दासांच्या ‘घोडा’ या कवितेतून ‘मोहिनेर घोडागुली’ हे शब्द उचलले. मोहीनचे घोडे. कवितेत ते कार्तिकाच्या चांदण्यात माळावर चरत असतात. हा मोहीन कोण, ते कविता सांगत नाही.

साल १९७५, शहर कोलकाता. या बँडचं मूळ शोधायला निघालं की आपण दक्षिण कोलकात्यातल्या नाकतला भागात, चट्टोपाध्यायांच्या घरी पोचतो. सातांपैकी तिघे सख्खे भाऊ होते: गौतम, प्रदीप आणि विश्वनाथ. रंजन नात्यातलेच. तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि अब्राहम मजुमदार हे मित्र. बंगाली रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला घरातलं एक नाव होतं, आणि चाहतेही त्यांना त्याच नावांनी ओळखतात: गौतम म्हणजे मणिदा, विश्वनाथ म्हणजे बिशू, प्रदीप बुला, तापस बापी, तपेश भानू. वाद्यांची वाटणीही घरगुतीच. बुला बासरी आणि बेस वाजवत, बिशू ड्रम. अब्राहम व्हायोलिन आणि पियानोवर. त्यांचं पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण रीतसर झालेलं. रंजन वाजवण्यापेक्षा निवेदन, मंचाची मांडणी आणि प्रसिद्धी बघत.

पण घोडे हाकणारे मणिदाच. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच ते कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर इंग्रजी गाणी वाजवायचे. साठचं दशक संपताना नक्षलवादी चळवळीत शिरले, तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर काही काळ बंगालबाहेर, मध्य प्रदेशात राहिले. कोलकात्याला परतले तेव्हा डोक्यात दोन सूर एकदम वाजत होते: पार्क स्ट्रीटची गिटार आणि बाउलांचं, म्हणजे बंगालच्या भटक्या लोकगायकांचं गाणं. आपल्या संगीताला ते ‘बाउल जॅझ’ म्हणत. नक्षलवादातून आलेला माणूस घोषणांची गाणी लिहील, अशी आपली अटकळ असते. इथे बँडच्या ‘हाय भालोबाशी’ या गाण्यात काय आहे? पिकासो, दान्ते, बीटल्स, डिलन आणि रविशंकरही. आवडणाऱ्या गोष्टींची भली लांब यादी, आणि तरी जीव कशातच रमत नाही, हे दुखणं. मला तरी त्या दशकाचं हे वर्णन घोषणांपेक्षा खरं वाटतं.

१९७७, १९७८ आणि १९७९ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत तीन तबकड्या निघाल्या. पहिलीचं नाव ‘संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता बिषयक’: बावरलेले पक्षी आणि कोलकात्याविषयी. रवींद्रसंगीत, नजरुलगीती, सिनेमाची गाणी आणि आपल्या भावगीतांना जवळची ‘आधुनिक’ गाणी यांवर पोसलेल्या श्रोत्यांना हे काय चाललंय ते कळेना. १९७८ मध्ये भानू बाहेर पडले, त्यांच्या जागी राजा बॅनर्जी आले. कोलकात्यातल्या रवींद्र सदन या सभागृहात कार्यक्रम झाला, पण खप बेताचाच राहिला. १९८१ मध्ये बँड मोडला. रंजन बेंगळुरूला, बिशू अमेरिकेला गेले. मणिदा सिनेमाकडे वळले; त्यांच्या ‘नागमती’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नव्वदच्या दशकात कॉलेजातली मुलं ही जुनी गाणी गात होती. मणिदांनी बँड पुन्हा जुळवला नाही. नव्या मुलांची आणि आपली गाणी एकत्र करून १९९५ साली ‘आबार बोछोर कुडि पोरे’ नावाची कॅसेट काढली. तिच्यावर छापलं होतं ‘मोहिनेर घोडागुली संपादित’, एखाद्या नियतकालिकावर छापावं तसं. नंतर अशाच आणखी काही निघाल्या. जून १९९९ मध्ये हृदयविकाराने मणिदा गेले.

त्यांचं ‘पृथिबीटा नाकि’ हे गाणं टीव्हीच्या खोक्यात आक्रसत चाललेल्या जगाबद्दल आहे. २००६ मध्ये ‘गँगस्टर’ चित्रपटात त्याच चालीवर ‘भीगी भीगी’ आलं. गायला बांगलादेशचे जेम्स होते. खोकं गेलं, पाऊस आला. आपल्यापैकी बहुतेकांनी मोहीनचे घोडे ऐकलेत ते असे, नाव माहीत नसताना.